चौथा फाउल

मैना पोकळेवर मी जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. आमच्या नारायण पेठेत कुणी कुणावर जळतंय असं म्हणत नाहीत. "तिचं काय बाई, नशीबवान आहे" असं म्हणतात आणि कपातला चमचा जरा जास्त जोरात फिरवतात. मी दोन वर्षं तो चमचा फिरवला.

माझं नाव उल्का परचुरे. वय एकोणचाळीस, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, आईबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. विसाव्या वर्षी कर्वे रस्त्यावर लुना घसरली आणि कण्याला मार बसला. पाय जागेवर आहेत, पण कामाचे नाहीत. त्यानंतर जो तो मला भेटायला येताना पुस्तक आणायचा. पाय गेले म्हणजे बाईला वाचनाची आवड लागणारच, असा सगळ्यांचा समज. सात-आठ वर्षं वाचून वाचून वैतागले आणि एका रविवारी हडपसरला गेले. तिथे एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर काही पुरुष व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळतात असं ऐकलं होतं. बायकांचा संघ नव्हता. तो मी आणि सर्जेराव तुपे सरांनी मिळून उभा केला. सर फौजेतून निवृत्त झालेले, त्यांचा स्वतःचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला आडनावाने हाक मारायची सवय. अकरा वर्षं मी त्या संघाची कॅप्टन होते.

आमच्या खेळाचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात प्रत्येकीला एक आकडा असतो. शरीर कमी साथ देत असेल तर आकडा लहान, जास्त साथ देत असेल तर मोठा. एकापासून साडेचारपर्यंत. मैदानात एका वेळी पाच जणी, आणि त्या पाच जणींच्या आकड्यांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळ्या धडधाकट कमरेच्या पोरी घेऊन कुणी संघ करू शकत नाही. माझ्यासारख्या, कंबर हलत नाही अशा बायकाही त्यात लागतात. माझा आकडा दीड. मैनाचा साडेचार.

दीडवाल्या बाईचं काम काय, तर अडवणं. समोरच्या संघातल्या उंच पोरीच्या चाकासमोर आपली खुर्ची आडवी घालायची, ती अडकली की मागून आपली साडेचारवाली सुसाट जाते आणि बॉल टाकते. लोक टाळ्या वाजवतात तिला. सर म्हणायचे, "परचुरे म्हणजे आपलं दार आहे. ती उघडते म्हणून बाकीच्या आत जातात." सरांच्या तोंडून हे मोठं कौतुक होतं, मला कळत होतं. पण घरात शिरताना दाराला कुणी वा वा म्हणत नाही.

मैना येण्याआधी मला याचं काही वाटत नव्हतं, कारण तेव्हा वाजवण्यासारख्या टाळ्याच नव्हत्या. आम्ही हरायचो. वर्तमानपत्रात कधीमधी फोटो यायचा तो कॅप्टनचा, म्हणजे माझा. आई तो कापून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची.

मग मैना आली. धायरीची, वीस वर्षांची, कबड्डी खेळणारी. प्रॅक्टिसला जाताना सिंहगड रस्त्यावर डंपरने स्कूटीला धडक दिली आणि डावा पाय घोट्याच्या वरून गेला. पहिल्या दिवशी तिची आई बायडाबाई तिला हाताला धरून घेऊन आली. मैना भिंतीकडे तोंड करून बसली होती. कुणाशी बोलेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची तिच्यासमोर नेली आणि म्हटलं, "भिंत छान आहे. मीही बघितलीय तीन महिने. झालं बघून की इकडे ये."

ती हसली. तिथेच मी फसले.

तिला सगळं मी शिकवलं. कमरेचा पट्टा किती घट्ट बांधायचा, उलटी पडल्यावर हात कुठे ठेवायचे, तळहाताच्या फोडांना काय लावायचं. चार फाउल झाले की भांडण संपलं, हेही मीच शिकवलं. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जाते, म्हणून चौथ्यानंतर कुणाच्या खुर्चीला धडक द्यायची नाही, नुसती वाट अडवायची. ती सगळं ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवायची. सहा महिन्यांत ती संघाची सगळ्यात जास्त बास्केट टाकणारी झाली. आम्ही जिंकायला लागलो. वर्तमानपत्रात फोटो यायला लागले, त्यात मैनाचे हात वर, तोंडभर हसू, आणि कोपऱ्यात माझं अर्धं चाक.

धायरी फाट्यावर तिचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर खाली बारा पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि वर मैना. माझा फ्लेक्स नारायण पेठेत लागण्याची शक्यता शून्य, आमच्याकडे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर अभिनंदनाची चिठ्ठी लावायलाही सेक्रेटरीची परवानगी लागते.

पण हेही मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते दुसरंच. मॅच संपली की मैना पिशवीतला कृत्रिम पाय काढून लावायची, खुर्चीतून उठायची आणि चालत निघून जायची. जरा लंगडत, पण चालत. मैदानावर आम्ही दोघी सारख्या उंचीच्या. मॅच संपल्यावर तिच्याशी बोलायचं तर मला मान वर करावी लागे. तिचा पाय तुटला होता आणि मी तिच्या उरलेल्या पायावर जळत होते. इतकी खालच्या पातळीची मी आहे हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं.

घरी तर बोलायची सोय नव्हती. मैना दर गुरुवारी प्रॅक्टिसनंतर आमच्याकडे जेवायला यायची. आई तिच्यासाठी साटोऱ्या करायची. मी साटोऱ्या मागितल्या की आईचे गुडघे दुखतात.

"किती गोड मुलगी आहे," आई म्हणायची.

"साखर कमी खायला सांग तिला," मी म्हणायचे.

तर मग मी एक ठरवलं. डेक्कनला एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गुपचूप जायला लागले. माझी इजा अर्धवट होती, सगळे तंतू तुटलेले नव्हते, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. वीस वर्षं मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता रोज सकाळी सहाला जाऊन पाठीला टेका न देता बसायचं, एका बाजूला झुकायचं, हात न टेकता परत वर यायचं. पहिल्या महिन्यात पोत्यासारखी कलंडायचे. सहाव्या महिन्यात वीतभर झुकून परत यायला लागले, मग हातभर. बाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, काय जिद्द आहे! मला फक्त मैनासारखं एकदा सगळ्यांसमोर बॉल टाकायचा होता. सरांना मी काही सांगितलं नाही. मॅचमध्ये एकदम दाखवायचं असं मनात होतं.

त्या वर्षी दिव्यांग खेळाडूंची आशियाई स्पर्धा पुण्यात भरायची होती. बावीस देश, पोहणं, भालाफेक, नेमबाजी, सगळं. बायकांच्या बास्केटबॉलचा भारताचा संघ निवडला तेव्हा बारांपैकी सहा जणी आमच्या हडपसरच्या निघाल्या, आणि सरांनाच कोच नेमलं. सरांनी पहिल्या दिवशी मुख्य पाच जणींची यादी वाचली. मैना साडेचार, प्रेमला चार, शालू दोन, केरळची एक मुलगी दोन, आणि मी दीड. बेरीज बरोबर चौदा.

स्पर्धेआधी दोन दिवस परदेशातून आलेले तपासनीस प्रत्येक खेळाडूला बघतात आणि आकडा नक्की करतात. सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "मॅचमध्ये करता तेच तिथं करायचं. कमी दाखवायची लबाडी करायची नाही, मी चालवून घेणार नाही. आणि उगाच सर्कसही दाखवायची नाही. समजलं का?"

सगळ्यांना समजलं. मलाही समजलं होतं.

माझ्या आधी मैनाचा नंबर होता. ती आत गेली, गोल गोल फिरली, दोन्ही हातांनी बॉल डोक्यावरून मागे नेला, जमिनीवरून उचलला. बाजूला उभ्या असलेल्या स्वयंसेवक पोरांनी चक्क शिट्ट्या मारल्या. तपासनिसांमध्ये एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या "वंडरफुल" म्हणाल्या. मैना बाहेर येताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेली. "ताई, लई सोपं हाय. मस्त करा."

लई सोपं हाय. माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या सांगता येत नाहीत.

त्या बाईंनी मला बॉल बाजूला धरून झुकायला सांगितलं, जमेल तेवढं. मॅचमध्ये मी करते ते म्हणजे चार बोटं झुकणं आणि एक हात चाकाला घट्ट धरलेला. तेवढं करून थांबायचं होतं. मी हात चाकावरून काढला. दोन्ही हातांत बॉल धरून उजवीकडे झुकले, झुकत गेले, बॉल जमिनीला टेकवला आणि कशालाही न धरता परत सरळ झाले. मग डावीकडे. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. एक पोरगा म्हणाला, "भारीच!" पिकल्या केसांच्या बाईंनी खरोखर टाळ्या वाजवल्या. मीही हसले. इतकी खूश मी लुना घसरल्यापासून झाले नव्हते.

संध्याकाळी कागद आला. माझ्या नावापुढे अडीच.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग पेनाने त्याच्या मागे आकडे मांडले. साडेचार, चार, दोन, दोन, अडीच. बेरीज पंधरा. पेन खिशाला लावत ते म्हणाले, "अभिनंदन, परचुरे. तब्येत सुधारली तुमची."

माझ्या अंगात कंबर आली होती आणि त्याच कमरेने मला संघातून बाहेर काढलं. माझ्या जागी सरू आली. सोलापूरकडची, वर्षभर खेळलेली, आकडा दीड. मैदानात मी यायचं तर मैना किंवा प्रेमला, दोघींपैकी एकीने बाहेर बसायला हवं. प्रेमलाच्या उंचीची दुसरी कुणी नव्हती, तिला सर काही झालं तरी काढणार नव्हते. राहिली मैना. आणि मैनाला कोण कशाला बाहेर काढेल?

"ताई, तुमच्याबिगर कसं खेळू मी?" मैना रडायलाच लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, त्याचाच मला जास्त राग आला. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

"खेळशील," मी म्हटलं. "लई सोपं हाय."

तिला टोमणा कळलाही नाही.

स्पर्धा सुरू झाली. मी बाकावर. बाकावर बसणारीला आमच्याकडे एक काम असतं, फाउल लिहायचे. मांडीवर कागद, प्रत्येकीच्या नावापुढे रेघा. कुणाचा चौथा फाउल झाला की तिचं नाव घेऊन "चार!" असं तीनदा ओरडायचं. टेबलावरचा माणूस आकड्याची पाटी वर करतो, पण खेळणारीचं लक्ष बॉलकडे आणि चाकाकडे, तिला पाटी दिसतेच असं नाही. म्हणून आमच्या संघात सगळ्या जणी बाकाच्या आवाजावर विसंबून खेळतात. बाक गप्प म्हणजे अजून मोकळीक आहे. ही पद्धत मीच घालून दिली होती, अकरा वर्षांपूर्वी, बाकावरच्या बाईलाही आपण खेळतोय असं वाटावं म्हणून.

मी इमानदारीत ओरडले. पहिल्या मॅचला शालूसाठी, दुसऱ्या मॅचला प्रेमलासाठी. आम्ही दोन जिंकलो, दोन हरलो आणि ब्राँझ मेडलच्या मॅचला आलो. समोर थायलंड.

रविवारी दुपारी तीनला मॅच. स्टेडियम भरलेलं. धायरीहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, ढोल घेऊन. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा माझी मॅच बघायला आली होती, शेजारच्या सुहासिनीबाईंना सोबत घेऊन. मी खेळणार नाही असं मी तिला सांगितलं होतं. "असू दे गं," ती म्हणाली, "मैना तर खेळणार आहे ना."

तीन क्वार्टर संपले तेव्हा बरोबरी होती. मैनाने एकटीने बावीस गुण केले होते. दर बास्केटला ढोल वाजत होता. "मैना! मैना!" माझी आईसुद्धा ओरडत होती. घरात मोठ्याने हसू न देणारी बाई, पदर खोचून ओरडत होती. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

चार मिनिटं उरली असताना मैना थायलंडच्या एका मुलीच्या चाकावर बाजूने आदळली आणि खुर्चीसकट उलटली. शिट्टी वाजली. फाउल मैनाचा. मी रेघ मारली. चौथी. टेबलावर चारची पाटी वर गेली, पण मैना तेव्हा आडवी होती, दोन माणसं तिला खुर्चीसकट उचलत होती, तिची पाठ टेबलाकडे. सर सरूच्या चाकाशी वाकले होते, तिथे काहीतरी अडकलं होतं. ढोल चालूच.

मैना सरळ झाली. केस मागे सारले आणि बाकाकडे बघितलं. माझ्याकडे.

मी ओरडले नाही.

विसरले नव्हते. घसा बसला नव्हता. ढोलाच्या आवाजात ऐकू गेलं नसतं असंही नाही, ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, चार बोटं दाखवली असती तरी पुरलं असतं. माझे दोन्ही हात मांडीवरच्या कागदावर होते. मी ते तिथेच ठेवले. ती हसली, मान हलवली आणि गेली खेळायला.

पुढच्या सव्वा मिनिटात तिने आणखी दोन बास्केट टाकल्या. आम्ही तीन गुणांनी पुढे. मी मनात एकच म्हणत होते, आदळ. एकदा आदळ. देवाकडे मी एवढं मनापासून पाय परत मिळावेत म्हणूनही मागितलं नव्हतं.

अडीच मिनिटं उरली होती. थायलंडची कॅप्टन बॉल घेऊन सुटली, मैना तिच्या मागे. चार फाउल झालेत हे माहीत असतं तर तिने नुसती वाट अडवली असती. ती सरळ जाऊन भिडली. शिट्टी. पाचची पाटी. भोंगा वाजला.

मैनाला आधी कळलंच नाही. ती हाताची तीन बोटं आणि मग चार बोटं दाखवत पंचांशी बोलत राहिली. मग तिने टेबलाकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. सरांनी माझ्या कागदावर नजर टाकली, पाच रेघा मोजल्या आणि म्हणाले, "परचुरे, आत."

मी आत गेले. मैना बाहेर येताना आमची चाकं एकमेकींना घासून गेली. "ताई, तुमीच आता," ती म्हणाली.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. थायलंडच्या मुलींनी मला कधी खेळताना पाहिलं नव्हतं, त्यांनी मला मोकळं सोडलं. प्रेमलाने बॉल माझ्याकडे फेकला, जरा लांब, उजव्या बाजूला. मी झुकले, दोन्ही हातांनी घेतला, सरळ झाले आणि टाकला. जाळीतून बॉल जाताना जो आवाज होतो तो मी अकरा वर्षं दुसऱ्यांचा ऐकला होता. ढोल वाजला. "उल्का! उल्का!" आई उभी राहिली होती, सुहासिनीबाईंचा हात धरून. ते दोन गुण माझे. कुणी काढून घेऊ शकत नाही.

आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. पण मैना नसताना पुढची दोन मिनिटं आमच्याकडे पळणारं कुणीच नव्हतं. मी वाट अडवून उघडून देत होते, आणि त्या उघड्या वाटेने जायला मागून कुणी येत नव्हतं. थायलंडने आठ गुण केले. आम्ही तीन गुणांनी हरलो. ब्राँझ गेलं.

ड्रेसिंग रूममध्ये शालू भिंतीला डोकं टेकून रडत होती. सर आत आले आणि मैनासमोर उभे राहिले.

"पोकळे, चार फाउल अंगावर असताना कुणी असं भिडतं? परचुरे ओरडल्या तेव्हा कान कुठं होते तुझे?"

"माझंच चुकलं सर," मैना म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "ढोल लई वाजत हुता. ताई वरडल्या आसतील, मलाच न्हाय ऐकू आलं."

तिच्या आवाजात शंका नव्हती. मी ओरडले नसेन हे तिच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. इतका वेळ मी स्वतःला समजावत होते की माझ्या मनातलं तिला कळलं असेल, ती जाणून असेल, दोघींत ते न बोलता चाललं असेल. ती काही जाणून नव्हती. दोन वर्षं मी एकटीच भांडत होते.

"मी ओरडले नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चौथा फाउल मला दिसला. मी रेघ मारली. मैना माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प बसले. मला आत यायचं होतं म्हणून."

मग मैना हुंदका देऊन हसली. तिने सरांच्या हाताला धरलं.

"बघा सर. बघा. मला बोलणी बसू नयेत म्हणून समदं सोताच्या अंगावर घ्यायला लागल्या."

"मैना, मी खरं सांगतेय."

"ताई, बास करा ओ!" ती आता मोठ्याने रडत होती. "मी का वळखत न्हाय व्हय तुमाला?"

सरांनी टोपी काढली. अकरा वर्षांत मी त्यांना कुणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "परचुरे," ते म्हणाले, आणि ती छातीशी धरली. शालू डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग प्रेमला, मग सरू. मी त्यांच्या खांद्यांमधून पुन्हा सांगत होते, ओरडले नाही मी, ऐका ना, खरंच नाही ओरडले. जितकं सांगत होते तितकं त्या मला घट्ट धरत होत्या.

दार उघडलं आणि बायडाबाई आत आल्या. मागे माझी आई. बाहेरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, किंवा दाराशी उभं राहून त्यांनी ऐकलं असावं. त्या मैनाकडे गेल्या नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या, खुर्चीसमोर गुडघे टेकून बसल्या, शेतात काम करून राठ झालेले दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. दहाच्या दहा बोटं कडाकडा वाजली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

बायडाबाईंचे डोळे भरून आले.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "केवढी नजर लागली हाय तुमाला पोरी. कोण मेलं एवढं जळतं तुमच्यावर?"